दगडांवरचे आकडे

आमच्या गावात अजून वाद चालतो. कोणी म्हणतं कंत्राटदारानं घोळ केला, कोणी म्हणतं साहेब बदलून गेला म्हणून काम अडलं, कोणी म्हणतं देवाचीच इच्छा नव्हती. देवाची इच्छा म्हणे! देवाला कशाला मध्ये ओढता बाप्पा? मंदिर मी अडवलं. या हातांनी, भर दुपारी, सगळ्या बायांच्या देखत, नारळाच्या काथ्यानं घासून घासून अडवलं. गल्लीतल्या प्रत्येकीला हे ठाऊक आहे आणि एकीनंही आजवर तोंड उघडलं नाही, म्हणून मीच लिहून टाकते.

हिंगणघाटहून अल्लीपूरकडे जाताना मध्ये एक फाटा फुटतो, त्या फाट्यावरचं आमचं गाव. गावाच्या मधोमध चौक, चौकाच्या मधोमध महादेवाचं मंदिर, काळ्या दगडाचं, हेमाडपंती. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड, आणि प्रत्येक दगड शेजारच्या दगडाच्या मापानं कापलेला. आमचं घर गुरवाचं. माझे सासरे, त्यांना मी मामाजी म्हणते, मिसरूड फुटायच्या आधीपासून त्या देवाची पूजा करत आले. मी लग्न होऊन आले तेव्हा घर भरलेलं होतं. मग सासूबाई गेल्या, माझे मालक गेले, मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली आणि आम्ही दोघंच उरलो. मालक गेले तेव्हा भाऊबंद जमले आणि म्हणाले, हिला माहेरी पाठवा. मामाजी ओसरीवर बसले होते. म्हणाले, "ते माई पोरगी होय. तिले कोन धाडते ते पाहतो मी." दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात पूजेचं तबक दिलं. तेव्हापासून सकाळची पूजा त्यांची, संध्याकाळचा दिवा माझा, आणि चौकातल्या बेलफुलांच्या दुकानावर बसायचं मी. सख्ख्या बापानं केलं नसतं ते त्या माणसानं माझ्यासाठी केलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं ते त्याच माणसाशी केलं आहे.

मंदिर दक्षिणेच्या अंगाला खचलं होतं. पिंपळानं भिंतीत मूळ घातलं होतं, दोन दगडांच्या मधून माझी चार बोटं आत जायची. सरकारी खात्याचे साहेब आले. वयानं तरणेच होते, पाठीवर बॅग, गळ्यात कॅमेरा. चार दिवस मापं घेत हिंडले. मग मामाजींच्या शेजारी ओट्यावर बसून त्यांनी समजावून सांगितलं, की मंदिर दगड दगड करून उतरवायचं, पाया पक्का करायचा आणि तेच दगड त्याच जागी पुन्हा बसवायचे. सोबत चौकही नवा होणार होता. आम्ही गल्लीत पेढे वाटले. खोटं कशाला सांगू, मला त्या साहेबांची दृष्ट काढावीशी वाटली होती.

"किती दिस लागतीन साहेब?" मामाजींनी विचारलं.

"पुढच्या दिवाळीत तुम्ही आत पूजा कराल, बाबा."

तेव्हा दिवाळी नुकतीच सरली होती. एक वर्ष म्हणजे काही फार नाही, असं सगळ्यांना वाटलं.

पाण्याच्या टाकीजवळ टिनाचं शेड उभारलं आणि वाजतगाजत पिंड तिकडं हलवली. मामाजींना काचबिंदू झालेला, त्यांना तेव्हा अंधुक दिसत होतं. शेडमध्ये त्यांनी पहिली पूजा केली, मान वर करून टिनाकडे पाहिलं, ओंजळीत पाणी घेतलं आणि सोडलं. मला काही कळायच्या आत.

"देव घरात जाईपर्यंत मी अन्न घेनार नाई," ते म्हणाले. "देवाले घर नाई, अन् मले भाकर?"

"मामाजी, ऐंशी वर्षांचं वय तुमचं! हे काय भलतंच?"

"वरसाचा तं सवाल हाय वो. दूध घेईन, केळं खाईन, दाणे खाईन. मरत नाई मी."

मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. पण त्या माणसानं पाणी सोडलं म्हणजे सोडलं. साबुदाणा नाही, भगर नाही, ते पोटभरीचं होतं म्हणे. दूध, फळं आणि मूठभर दाणे, तेही दिवसातून एकदा. मी मनात म्हणलं, काढतील एक वर्ष.

दगड उतरायला लागले. एकेक दगड दोरानं खाली यायचा, साहेब त्याच्या कोपऱ्यात आकडा घालायचे आणि तोच आकडा कागदावरच्या चित्रात लिहायचे. मग दगड चौकात ओळीनं मांडायचे, वरून ताडपत्री. आकडे गेरूनं घातलेले होते. ऑइलपेंट दगडात मुरतो, त्याचा डाग जन्मात जात नाही, म्हणून साहेबांनी मुद्दाम धुऊन निघेल असा रंग घेतला होता. काम झालं की पाणी मारून साफ करायचं. हे सगळं मला नंतर कळलं. रोज दहा हातांवर दुकान लावून बसत होते मी, पण कधी उठून विचारलं नाही, की साहेब, हे काय करून राह्यले तुम्ही?

आता आमच्याकडची रीत सांगते. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी आमच्या गल्लीतल्या बाया मंदिर धुतात. धुणंच म्हणतो आम्ही त्याला. विहिरीवरून घागरी आणायच्या, भिजवलेल्या रिठ्याचं पाणी करायचं, आणि हात पोचेल तिथपर्यंत प्रत्येक दगड काथ्यानं घासायचा. कुठला कोपरा कोणत्या घराचा हेही ठरलेलं. लग्नानंतरच्या पहिल्याच शिवरात्रीला सासूबाईंनी माझ्या हातात काथ्या दिला आणि गाभाऱ्याची मागची भिंत नेमून दिली. तीस वर्षं ती भिंत माझ्याकडे होती. ताप अंगात असतानाही मी ती घासली आहे.

त्या वर्षी मामाजी नागपूरला माझ्या मुलीकडे गेले होते, डोळे दाखवायला. देव शेडमध्ये, मंदिर भुईवर. शेजारी माझी चुलत जाऊ राहते. ती म्हणाली, "यंदा राहू द्या वो बाई. धुवाचं काय? भिंतच नाई."

मी भडकले. माझा स्वभावच तसा, आधी तोंड आणि मग डोकं. "भिंत नाई तं काय झालं? दगड तं देवाचे होत ना? शिवरात्रीले देवाचे दगड धुळीत लोळत ठेवता का? तुया घरचं भांडं आडवं पडलं तं तू घासत नाई का?"

चौकीदार आडवा आला. बिचारा म्हातारा, भला माणूस. "साहेबानं हात लावू नका म्हटलं बाई." साहेब चार दिवसांच्या सुट्टीवर घरी गेले होते. मी म्हणलं, "साहेब काल आला. आमच्या सासवा, सासवांच्या सासवा धुवून राह्यल्या. ताडपत्री तू काढतो का मी काढू?" त्यानं काढली. त्याचा काय दोष? माझ्या तोंडापुढे गावात कोणी टिकत नाही, आणि तेव्हा मला त्याचा गर्वच होता.

सकाळपासून ऊन कलेपर्यंत आम्ही धुतलं. गाणी म्हणत, एकमेकींची थट्टा करत. दगडांवरचे आकडे पाहून तर माझं डोकंच फिरलं. मला वाटलं, मजुरांनी आपल्या मजुरीच्या खुणा खरडल्या. देवाच्या दगडावर! लाज नाही वाटत? गेरू रिठ्याच्या पाण्यानं पटकन सुटायचा. पण कुठं कुठं तो खाचेत बसला होता, तिथं मी विटेचा तुकडा घेऊन घासला. एकेका आकड्यावर बसून. तांबडं पाणी ओघळून जायचं आणि मी जावेला दाखवायची, "पाय, कसा लख्ख निंगाला." शेवटी सगळ्या दगडांना हळदीकुंकू लावलं आणि प्रत्येकावर बेलाचं पान ठेवलं. त्या वर्षात इतकं समाधान मला दुसऱ्या कशानं वाटलं नव्हतं.

साहेब शिवरात्र झाल्यावर आले. मीच दुकानातून हाक मारली, "साहेब, पाहा तुमचे दगड कसे चमकून राह्यले!" त्यांनी पाहिलं. पहिल्या दगडाजवळ वाकले, कोपरा पाहिला. मग दुसरा. मग तिसरा. मग ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत गेले आणि शेवटी तिथंच मातीत बसले. मला वाटलं ऊन लागलं, म्हणून मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले.

"कोणी धुतले?" त्यांनी विचारलं.

"आम्हीच धुतले. काऊन? काय झालं?"

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला मला उत्तर देता येतं. त्यांनी मुकाट कागद उलगडला. त्यावर मंदिराचं चित्र होतं आणि चित्रातल्या प्रत्येक दगडावर आकडा. मग समोरच्या दगडांकडे हात केला. "ताई, आता यातला कुठला कोणता, ते मला कोण सांगेल?" एवढंच म्हणाले.

नक्षीचे दगड फोटोवरून ओळखू आले. खांब जमले, दाराची चौकट जमली. पण भिंतीच्या पोटातले साधे दगड शेकडो होते, एका रंगाचे, एका अंगाचे. पाहायला सारखे, आणि बसवायला गेलं की एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. साहेबांनी एक थर लावून पाहिला. आधी केसभर फट, मग बोटभर फट, मग अख्खा थरच तिरका. उतरवला, पुन्हा लावला, पुन्हा उतरवला. मी दुकानातून बघत बसायची. गिऱ्हाईक काय मागतंय तेही मला ऐकू यायचं नाही.

मामाजी नागपूरहून परत आले. मी तोंड उघडायच्या आत जावेनं त्यांना सांगून टाकलं, की वावधन आलं, ताडपत्री उडाली आणि पावसानं आकडे गेले. तिनं मला वाचवायला सांगितलं. मी तिथंच उभी होते आणि गप्प बसले. आयुष्यात गप्प बसायची माझी ती पहिलीच वेळ असेल.

"पावसाले काय बोलाव?" मामाजी म्हणाले. "मले दगडापाशी ने."

तोवर त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. मी हात धरून त्यांना एकेका दगडापाशी नेलं. ते बसायचे, तळवा फिरवायचे. "हा दिव्याच्या कोनाड्याखालचा, चिकट लागून राह्यला. हा सभामंडपातला, इथं म्या पाठ टेकत होतो." साहेब भराभरा लिहून घ्यायचे. माझ्या जिवात जीव आला. आठ दिवस रोज नेलं. मग एका दगडावर हात ठेवून ते बसूनच राहिले. पुन्हा फिरवला, पुन्हा फिरवला.

"हा नाई सांगता येत साहेब. वरचा असंन. माया हात पोचे तेवढंच मंदिर मले ठाऊक."

हात पोचे तेवढं म्हणजे खालचे थर. त्याच्यावर भिंती होत्या, छत होतं, शिखर होतं. आणि माझं सांगू? मी स्वतः ज्या भिंतीला तीस वर्षं घासलं, तिच्यातला एकही दगड मला ओळखू आला नाही. मी हात फिरवला, डोळे मिटून फिरवला, काही नाही. मी घासतच होते फक्त. पाहिलं कधी नव्हतं.

दिवाळी आली आणि गेली. साहेबांची बदली झाली. जाताना ते मामाजींच्या पाया पडले, माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. नवे साहेब म्हणाले, बाहेरून जाणकार येतील, मशीननं एकेक दगड मोजतील, मंजुरी यायची आहे. चौकाचं काम मात्र वेगळ्या लोकांकडे होतं, ते थांबलं नाही. सगळीकडे सिमेंटचे गट्टू बसले. कारंजं झालं. लोकांना फोटो काढायला गावाच्या नावाची मोठाली लाल अक्षरं उभी राहिली, शेजारी बदाम. मंदिराच्या जोत्याभोवती माणसापेक्षा उंच हिरवे पत्रे ठोकले आणि दगड त्या पत्र्यांच्या आत गेले. बाहेरगावचे लोक यायचे, कारंज्यापुढे उभे राहायचे आणि विचारायचे, इथं मधात काय होनार हाय? मी बेलाच्या जुड्या बांधत राहायची.

दुसरी शिवरात्रही गेली. मामाजींच्या पाठीला तेल लावताना मणके हाताला लागायचे. धोतर कमरेवर टिकेना, मी त्याला नाडी बांधून दिली. एकदा मी चोरून दुधात तांदळाची पेज मिसळली. पहिलाच घोट त्यांनी थुंकला. रागावले नाहीत. "बाई, असं नको करू," म्हणाले, आणि त्या दिवशी दूधही घेतलं नाही. भटजींना घरी आणलं. ते म्हणाले, नेम सोडवता येतो, विधी आहे. मामाजी म्हणाले, "पानी म्या सोडलं, यायनं नाई." मी म्हणलं, शेड म्हणजे घरच की हो, टिनाचं का होईना. ते हसले नुसते.

उन्हाळ्यात ते अंगणात पडले. सेवाग्रामला नेलं. सलाईन लावलं, तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आजोबांना आजार काही नाही. त्यांना जेवण पाहिजे. घरी जेवत नाहीत का?" मी दवाखान्याच्या जिन्यात बसून ढसाढसा रडले. दीड वर्ष होऊन गेलं होतं. मी दर आठवड्याला नव्या साहेबांकडे जायची, आधी भांडायची, मग पाया पडायची. ते म्हणायचे, "मावशी, अजून एक वर्ष तरी लागेल." मामाजींना वर्ष नव्हतं. हे साहेबांना दिसत नव्हतं आणि मला दिसत होतं, आणि करणारी मी होते.

श्रावण लागायच्या आधीच्या आठवड्यात चौकाचं लोकार्पण झालं. दुपारची वेळ. मांडव, बँड, फटाके, भोंग्यावर भाषणं. आमचं घर चौकापासून दोन गल्ल्या आत, तिथपर्यंत सगळं ऐकू येत होतं. मामाजी खाटेवर पडून होते. भोंग्यावर कोणीतरी पुन्हा पुन्हा म्हणत होतं, लोकार्पण, लोकार्पण. मामाजींनी मान उचलली. महिनाभरात त्यांनी स्वतःहून मान उचलली नव्हती.

"बाई, देव गेला का घरात?"

मी काही ठरवलेलं नव्हतं. देवाशप्पथ नव्हतं. पण त्यांचा तो चेहरा पाहिला आणि तोंडातून निघून गेलं.

"हाव."

ते रडायला लागले. आवाज नाही, नुसतं पाणी. मग दोन्ही हात जोडून भोंग्याच्या दिशेनं कपाळाला लावले. "मले ने," म्हणाले.

"लय गर्दी हाय मामाजी. अन् पायात जीव कुठी हाय तुमच्या? दोन घास जाऊ द्या पोटात. मंग नेतो."

"पयले देवाले निवद दाखव."

मी वरण-भात टाकला. कान भोंग्याकडे होता, मीठ दोनदा पडलं. ताट झाकून चौकातून निघाले. मांडवात हारतुरे चालले होते, लहान पोरं कारंज्यात भिजत होती. शेडमध्ये देवापुढं ताट ठेवलं, पाणी फिरवलं, आणि देवाच्या डोळ्याला डोळा दिला नाही. बाहेर जाऊ उभी होती. तिला ताट पाहूनच समजलं.

"पाप लागंन वो बाई."

"लागू दे. मले लागू दे. त्याहिले जेवू दे."

त्या दिवशी त्यांनी चार घास खाल्ले. एकेक घास कितीतरी वेळ चघळला. "मीठ जास्त झालं," म्हणाले आणि पाचवा मागितला. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, आणि इतकी भीतीही कधी वाटली नव्हती.

मग रोज. सकाळी नैवेद्य, मग त्यांचं ताट. रोज ते विचारायचे आणि रोज मी सांगायची. दगड कसे ओळखले? नागपूरहून मशीन आलं. शिखर सरळ बसलं का? सूत लावल्यावानी. गाभाऱ्यात ओल येते का? नाही, आता थेंब नाही. गल्लीतल्या बाया त्यांना भेटायला यायच्या, त्यांनाही ते विचारायचे, आणि त्याही म्हणायच्या, "हाव बाबा, लय सुंदर झालं." माझ्याकडे न बघता म्हणायच्या. मामाजींच्या गालावर रंग चढला. आवाज मोठा झाला. भाकरीचा तुकडा मोडून वरणात कुस्करून खाऊ लागले. काठी घेऊन अंगणात चार फेऱ्या मारू लागले. "आता ने," रोज म्हणायचे, आणि मी कधी पाऊस सांगायची, कधी गट्टूवर शेवाळ सांगायची, कधी गर्दी. मी मनात हिशोब करत होते, की असेच ते टिकले तर वर्ष निघेल, वर्ष निघालं तर मंदिर होईल, आणि मंदिर झालं तर मी खोटी ठरणार नाही. वेडीच होते मी. ज्या अन्नानं ते जगणार होते, त्याच अन्नानं त्यांच्या पायात जीव येणार होता. एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नाही.

श्रावणातला पहिला सोमवार होता. दुकानावर बेल घेणाऱ्यांची रांग लागलेली, मी पहाटेपासून उठायलाही मोकळी नव्हते. दुपारच्या आधी जाऊ धावत आली. तिच्या पायात चप्पल नव्हती.

"बाई, बाबा चौकात हायेत."

मी दुकान तसंच टाकून पळाले. ते एकटेच निघाले होते. इतक्या वर्षांची वाट, त्यांना डोळे लागत नव्हते. धुतलेलं धोतर नेसले होते, कपाळाला भस्म लावलं होतं. मंदिराच्या जागेभोवतीच्या हिरव्या पत्र्यावर उजवा हात टेकवून ते चालत होते, सावकाश, पत्रा चाचपत. एक कोपरा झाला की वळायचे आणि पुन्हा चालायचे. चौकात कितीतरी लोक होते. त्यांना वाटलं, म्हातारबाबा प्रदक्षिणा घालून राह्यले. एका बाईनं आपल्या मुलाला बाजूला ओढून वाट करून दिली. फुगेवाला मला म्हणाला, तिसरा फेरा हाय यायचा.

ते दार शोधत होते.

मी जवळ गेले. म्हणलं, "मामाजी."

ते थांबले. हात पत्र्यावरच होता. "बाई, दार कोनीकडं केलं वो यायनं? नुसता टिनच लागून राह्यला हाताले."

"दार नाई मामाजी." आणि मग बांध फुटला. मी सगळं बोलून टाकलं, तिथंच, गर्दीच्या गलक्यात, त्यांनाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मंदिर नाही, दगड आत पडूनच आहेत, त्या दिवशीचं लोकार्पण चौकाचं होतं, मी खोटं बोलले. वावधन आलं नव्हतं. पाऊस आला नव्हता. आकडे मी पुसले, मी बायांना घेऊन गेले, विटेनं घासून घासून मी काढले. मला मारा, मला घराबाहेर काढा, काय वाटेल ते करा. मी त्यांचे पाय धरले.

आकड्यांचं त्यांनी काहीच विचारलं नाही. मी कोणाला घेऊन गेले, का गेले, काही नाही. ते जणू त्यांच्या कानावर आलंच नाही.

"म्हनजे देव बाहीरच हाय?"

"हाव."

"अन् मी जेवलो."

मी त्यांचे पाय आणखी घट्ट धरले.

"किती दिस जेवलो मी?"

"अकरा," मी म्हणलं.

त्यांनी पत्र्यावरचा हात काढला, खांद्यावरचं उपरणं ओढलं आणि तोंड पुसलं. मग पुन्हा पुसलं. ओठ, जीभ, हनुवटी, जोरानं, पुन्हा पुन्हा. मी उठून त्यांचा दुसरा हात धरला आणि घराकडे वळवलं. तो हात त्यांनी माझ्या हातातून सोडवला नाही. पण घर येईपर्यंत ते तोंड पुसतच होते.